उसनी गिटार

ऑक्टोबर 1972. कुलाब्याच्या लिओपोल्डमध्ये तुम्ही शिरता तेव्हा बाहेर अजून उजेड आहे. आत कोपऱ्यातल्या टेबलाभोवती पाचसहा पोरं एका रेकॉर्डच्या कव्हरवर वाकून बसली आहेत. खुर्ची ओढा आणि बसा. चहा मागवलात की कुणी उठवणार नाही.

काळ तेवढा ध्यानात ठेवा. मुंबईत दूरदर्शन आलंय ते याच महिन्याच्या 2 तारखेला. बहुतेकांच्या घरात अजून रेडिओच आहे. ताजच्या शेजारचा नवा टॉवर बांधून व्हायचाय. राज्यात दुष्काळ आहे आणि शहाद्याच्या बाजूला भिल्ल शेतकरी गेलेल्या जमिनी परत मागायला उभे राहिलेत. तुमचं अक्कलकुवा अजून धुळे जिल्ह्यात मोडतं. नंदुरबार जिल्हा व्हायला 26 वर्षं बाकी आहेत. या टेबलावर अक्कलकुवा म्हणजे कुठे, हे कुणाला सांगता येणार नाही. पण ही पोरं ज्या गोष्टीवर भांडताहेत ती तुम्हाला लगेच कळेल, कारण असं भांडण तुम्ही सातपुड्यात ऐकलेलं आहे.

कव्हरवर फाटक्या कोटातला, दाढी वाढलेला म्हातारा आहे. जेथ्रो टल या इंग्रज बँडची ‘अ‍ॅक्वालंग’, 1971 ची. कुणाचा तरी मामा बोटीवर आहे, त्यानं आणली. ती आतापर्यंत किती घरांत वाजली असेल याची गणतीच नाही. एक बाजू तर खरखरायला लागलीये. वाद आहे तो पहिल्याच गाण्याच्या मधल्या गिटारच्या तुकड्यावर. मार्टिन बार नावाचा माणूस तो वाजवतो, एवढं कव्हर सांगतं. कुठल्या गिटारवर वाजवतो ते सांगत नाही.

“स्ट्रॅट असणार. वरचा सूर कसा टोचतोय बघ.”

“स्ट्रॅटला एवढं अंग नसतं रे. गिब्सन आहे. लेस पॉल.”

“लेस पॉल जाड वाजते. ही जाड आहे, पण चावते पण.”

गिरगावातला एक मुलगा इतका वेळ बशीत बोट फिरवत बसला होता. तो म्हणतो, “आवाज एकाच जागेवरून येतोय. अख्खा तुकडा. मधे कुठे बदललेला नाही. ब्रिजजवळचा पिकअप आहे, आणि मला वाटतं, तेवढाच आहे.”

सगळे त्याच्याकडे बघतात. यातल्या कुणीही गिब्सन हातात धरलेली नाही. बहुतेकांनी ती डोळ्यांनीही पाहिलेली नाही, पाहिली ती परदेशी मासिकाच्या मळक्या पानावर. आयातीवर निर्बंध आहेत, जे येतं त्यावरचा कर परवडत नाही. धोबीतलावला फुर्टाडोसच्या काचेसमोर उभं राहून बघायचं, कलकत्त्यात बनलेली एखादी गिटार हप्त्याहप्त्यानं घ्यायची, तार तुटली की तिला गाठ मारून पुन्हा चढवायची. अँप्लिफायर नसला तर घरातल्या रेडिओच्या मागं ग्रामोफोनसाठी भोक असतं, त्यात वायर खुपसायची. रिदम हाउसच्या बूथमध्ये रेकॉर्ड लावून घ्यायची, ऐकून परत द्यायची, आणि काळा घोडा ते चर्चगेट चालेपर्यंत बोटं हवेत ती जागा शोधत राहतात. इतकं कमी हाताशी असल्यामुळे या पोरांचे कान इतके तिखट झालेत. तुकडा कुठं श्वास घेतो, तार कुठं ओढली, पिकची कड कुठं लागली, हे त्यांना तोंडपाठ आहे. आज आपल्याला दोन बोटांत त्या माणसाची गिटार, तिचा क्रमांक, तिची किंमत सगळं दिसतं. पण त्या तुकड्याकडे इतक्या वेळा, इतक्या निकरानं आपण कान लावतो का? मी तरी लावलेला नाही.

त्या मुलाचं म्हणणं खरं की खोटं, बघून येऊ. फार लांब जायचं नाही. पावणेदोन वर्षं मागं आणि थोडं पश्चिमेला.

लंडनमधला बेसिंग स्ट्रीट. 1970 संपून 1971 उजाडण्याचा सुमार. आयलंड कंपनीनं एका जुन्या चर्चमध्ये स्टुडिओ थाटलाय. इमारत तशीच उंच, थंड. वरच्या मोठ्या दालनात जेथ्रो टल ‘अ‍ॅक्वालंग’ करताहेत. दालन इतकं मोठं आहे की आवाज घुमत राहतो. बँडचा म्होरक्या इयन अँडरसन त्यामुळे वैतागलाय. खालच्या छोट्या दालनात लेड झेपेलिन त्यांच्या चौथ्या रेकॉर्डवर काम करताहेत. एकाच छपराखाली, एका मजल्याच्या अंतरानं.

तुम्ही वर, काचेच्या अलीकडे उभे राहा. समोर मार्टिन बार. त्याच्या गळ्यातली गिटार नीट बघा. महोगनीची एक साधी सपाट फळी. वरचा भाग कोरलेला नाही, कडेला पांढरी पट्टी नाही, मानेवर शिंपल्याचं काम नाही, नुसते ठिपके. दोन बटणं, एक आवाजाचं, एक सुराच्या धारेचं. आणि तारांचा नाद पकडणारा पिकअप एकच, ब्रिजला चिकटून. गिब्सन लेस पॉल ज्युनिअर. गिब्सननं 1954 मध्ये हे मॉडेल काढलं ते शिकाऊ पोरांसाठी, कमी पैशांत मिळावं म्हणून. अमेरिकेत माउंटन या बँडबरोबर दौऱ्यावर असताना त्यांच्या लेस्ली वेस्टच्या हातात बारनं ती पाहिली आणि तिच्या प्रेमात पडला. मागं हायवॉटचा अँप्लिफायर. बस्स.

गिरगावच्या मुलानं बशीत बोट फिरवता फिरवता हा एकुलता पिकअप ओळखला होता.

आता टेप फिरतेय. बारवर घाई आहे. या बँडचा रिवाजच असा की गिटारचा तुकडा एकदोन झटक्यांत जमला तर ठीक, नाहीतर तीच जागा बासरीला जाते. तो वाजवायला लागतो. तुकडा अर्ध्यावर आलाय आणि काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये कुणीतरी येऊन उभं राहतं. खालच्या मजल्यावरचा जिमी पेज, झेपेलिनचा गिटारवादक. तो हसतो, हात हलवतो. बारसमोर दोनच वाटा आहेत: हात उचलून त्याला नमस्कार करावा आणि टेक घालवावा, किंवा वाजवत राहावं. तो हसतो आणि वाजवत राहतो. तोच टेक रेकॉर्डवर गेला. बारनं पुढं हा किस्सा बऱ्याच मुलाखतींत सांगितलाय.

त्याच इमारतीत, त्याच सुमारास पेजनं ‘स्टेअरवे टू हेवन’च्या शेवटचा तुकडा वाजवला. त्यासाठी त्यानं नेहमीची लेस पॉल बाजूला ठेवली आणि जुनी टेलिकास्टर उचलली. ती त्याला जेफ बेक या मित्रानं दिलेली होती. म्हणजे ज्या दोन तुकड्यांवरून जगभरची पोरं पुढची पन्नास वर्षं हुज्जत घालणार आहेत, त्यातला एक शिकाऊ गिटारवर वाजला आणि एक मित्रानं दिलेल्या गिटारवर. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आणखी थोडं मागं चला, 1967 पर्यंत. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ब्लॅकपूलच्या बाजूचा तरुण इयन अँडरसन एक पांढरी फेंडर स्ट्रॅटोकास्टर बाळगून आहे. ती आधी लेमी नावाच्या वादकाची होती, जो पुढं मोटरहेड काढणार आहे. अँडरसननं एरिक क्लॅप्टनला ऐकलंय आणि आपल्याला तिथवर पोचता येणार नाही हे त्यानं स्वतःशी कबूल केलंय. तो दुकानात जाऊन स्ट्रॅट देऊन टाकतो आणि बदल्यात एक श्युअर मायक्रोफोन आणि एक बासरी घेऊन येतो. बासरी त्याला येत नाही. शिकवायला कुणी नाही. तो आपल्या बोटांनी वाट काढतो, आणि कितीतरी वर्षांनी, मुलगी शाळेत बासरी शिकायला लागते तेव्हा, आपली बोटं चुकीच्या भोकांवर पडत होती हे त्याला कळतं. तोपर्यंत त्याच बोटांनी त्यानं रॉकमध्ये बासरीला जागा करून दिलेली असते.

गिटार त्यानं सोडली मात्र नाही. विजेची गिटार बारकडे गेली, याच्याकडे लहान अंगाची लाकडी. ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ ही 1972 ची रेकॉर्ड म्हणजे दोन्ही बाजू मिळून एकच गाणं. त्याची सुरुवात याच लाकडी गिटारनं होते, तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावून. पुढं 1977 ची ‘साँग्ज फ्रॉम द वुड’ आणि 1978 ची ‘हेवी हॉर्सेस’ आली. त्यांत इंग्लंडचं रान, नांगराचे घोडे, सणवार भरून आहेत. बँडचं नावच मुळी अठराव्या शतकातल्या एका शेतीसुधारकाचं आहे, ज्यानं इंग्लंडात बी पेरायचं यंत्र बनवलं. खानदेशातल्या माणसाला पाभर ठाऊक असते, त्याला हे नाव परकं वाटू नये.

चला परत. कुलाब्यात रात्र झालीये आणि टेबल रिकामं आहे. पोरं स्लिप डिस्ककडे धावलीत. तुम्हीही धावा.

स्लिप डिस्क हा कुलाब्यातला छोटा डिस्कोथेक. धुराटलेला, अंधारा, इथल्या बँडना वाजवायला जागा देणारा. आज आत माणसांवर माणसं आहेत. पण काहींचा अजून विश्वास बसत नाहीये. जिमी पेज आणि झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट जपानचा दौरा आटोपून मुंबईत आलेत, ताजमध्ये उतरलेत, आणि आता समोर उभे आहेत. त्यांची वाद्यं बरोबर नाहीत. ड्रम इथले, बास इथला, वाजवणारी पोरंही इथलीच. आणि पेजच्या गळ्यात मुंबईच्या एका वादकाची गिटार.

पुढं सरका, भिंतीला पाठ लावा. तुमच्या शेजारी तोच गिरगावचा मुलगा आहे. तो पेजच्या चेहऱ्याकडे बघतच नाहीये, डाव्या हाताकडे बघतोय. पेज एक तार ओढून बघतो, खुंटी पिळतो, पुन्हा ओढतो. या गिटारचं वागणं त्याला समजून घ्यायचंय. मान जरा जाड असेल, तारा उंच बसल्या असतील. मग प्लांट गायला लागतो आणि पेज वाजवायला. पहिल्या चार मात्रांत मुलगा तुमचा दंड पकडतो. कारण आवाज तोच आहे. रेकॉर्डवरचा. त्यानं शेकडो वेळा ऐकलेला. जी गिटार काल याच खोलीत इथल्याच पोरानं वाजवली होती, तिच्यातून.

मी इथं बराच वेळ थांबतो आहे, कारण मुंबईच्या संगीताच्या इतिहासात ही रात्र बहुतेकदा ‘मोठे लोक येऊन गेले’ अशी सांगितली जाते. मला ती त्या गिटारच्या मालकाच्या बाजूनं बघाविशी वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याकडे परत आली असेल. त्यानं ती उचलली असेल. तिच्यात काय काय दडलंय हे आता त्याला ठाऊक होतं, आणि ते बाहेर काढायचं काम त्याचंच होतं. तशी गिटार हाती असणं ही सोपी गोष्ट नाही.

त्याच मुक्कामात पेज आणि प्लांट एचएमव्हीच्या स्टुडिओत गेले. विजय राघव राव यांनी वादक जमवले. ते स्वतः बासरीवादक, पंडित रविशंकरांचे शिष्य. वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदातले, तबला, सारंगी, व्हायोलिनवाले. ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही झेपेलिनची दोन गाणी या मंडळींबरोबर वाजली. ‘फ्रेंड्स’साठी पेजनं गिटारच्या तारा नेहमीसारख्या न ठेवता खुल्या सुरांत लावलेल्या. ‘फोर स्टिक्स’मध्ये कधी पाच मात्रा, कधी सहा, त्यामुळे मोजणी सांभाळणं सोपं नव्हतं. हे काम 2015 पर्यंत अधिकृतपणे बाहेर आलं नाही. 43 वर्षं ही पोरं त्याच्या चोरट्या प्रतींवर हुज्जत घालत राहिली.

पुढची वर्षं भराभर ओलांडू. 1974 मध्ये अ‍ॅलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडास गातो तो नंदू भेंडे, आत्माराम आणि आशा भेंडेंचा मुलगा. याच रॉकच्या अड्ड्यांवर वाढलेला मराठी गळा. 1978 मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तो पुन्हा उभा आहे, थिएटर अकादमीच्या रंगमंचावर, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनात. इथं पाच मिनिटं थांबून प्रेक्षकांकडे बघा. ज्यांनी आयुष्यभर नाट्यगीतं ऐकली ते लोक रॉकच्या चालीत मराठी शब्द ऐकताहेत आणि त्यांचे पाय हलताहेत. लिओपोल्डच्या टेबलावरची हुज्जत मराठी रंगभूमीवर पोचली ती अशी. नंदू भेंडे 2014 मध्ये गेला. त्याच्याबद्दल आपण फार कमी बोललो.

मग डिसेंबर 2008. जेथ्रो टल आणि सतारवादक अनुष्का शंकर यांचा मुंबईतला कार्यक्रम 29 नोव्हेंबरला ठरला होता. 26 तारखेला हल्ला झाला. ताज पेटलं. लिओपोल्डमध्ये, जिथं तुम्ही चहा घेतला, तिथं गोळ्या झाडल्या. कार्यक्रम रद्द करून निघून जाणं अगदी रास्त ठरलं असतं. त्यांनी काही दिवसांनी तो केला, हल्ल्यात होरपळलेल्यांसाठी मदत म्हणून. तुम्ही गर्दीत आहात. मंचावर अँडरसन बासरी घेऊन, शेजारी सतार, आणि एका बाजूला मार्टिन बार. तुमच्या पुढं पन्नाशी ओलांडलेला एक माणूस मान तिरकी करून एकाच दिशेनं बघतोय. बारच्या हाताकडे. तुम्ही त्याला ओळखलंत तरी हाक मारू नका. आज तो ऐकायला आलाय.

आता घरी. या फाल्गुनात.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे, तिथून काठीला. काठी हे एके काळचं मेवासी संस्थान, इथली राजवाडी होळी तेराव्या शतकापासून चालत आल्याचं सांगतात. उंचच्या उंच बांबू उभा करायचा तो खड्डा हत्यार न लावता हातांनी उकरलेला असतो. होळी पेटते पहाटे. तोपर्यंत रात्रभर गावागावांचे जथे येत राहतात. बुद्या झालेली माणसं अंगावर राखेचे, तांदळाच्या पिठाचे ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू आणि सुके भोपळे. नवस म्हणून कित्येक दिवस त्यांनी पाळणूक पाळलीये, खाटेवर पाठ टेकलेली नाही, पायात काही घातलेलं नाही. नाचताना कमरेचे भोपळे एकमेकांवर आपटतात तो आवाजही तालात असतो.

पण तुम्ही ढोलांकडे चला. तिथं शेकोटीच्या कडेला म्हातारे आणि तरणे मिळून उभे आहेत. मोठा ढोल आगीला दाखवून कातडं तापवताहेत. एकजण अंगठा दाबून बघतो, पुन्हा फिरवतो, पुन्हा दाबतो. कातडं मध्यभागी रापून काळपट झालंय. कडेला दोरी नव्यानं आवळलेली आहे, आणि जुन्या दोरीचे वळ लाकडावर तसेच आहेत.

आणि कान द्या. दरीच्या पलीकडून एक जथा येतोय, अजून मशालीसुद्धा दिसत नाहीत, नुसता आवाज. एक म्हातारा आवाजावरनं गाव सांगतो. दुसरा म्हणतो, नाही, त्यांचा ढोल एवढा खोल बोलत नाही. तिसरा म्हणतो, कातडं नवीन चढवलंय त्यांनी, म्हणून तसं वाटतं. एवढ्यात पावा ऐकू येतो आणि पावा वाजवणाऱ्यावरनं आधीच्या दोघांचं भांडण वेगळ्याच दिशेला जातं.

हे ऐकताना मला राहवत नाही. मार्टिन बारच्या एका तुकड्याबद्दल आपल्याला गिटारचं मॉडेल, पिकअपची जागा, अँप्लिफायर, दालन, काचेपलीकडे कोण उभं होतं इथपर्यंत सगळं माहीत आहे. ते कुणा विद्यापीठानं जमवलेलं नाही. रसिकांनी विचारत राहून, भांडत राहून, लिहून ठेवून जमवलंय. काठीच्या ढोलाबद्दलही तितकंच माहीत आहे, पण ते या शेकोटीभोवती आहे, कागदावर फार थोडं. लाकूड कुठल्या झाडाचं, खोड कुणी पोखरलं, कातडं कुणी चढवलं, कुठल्या वर्षी ढोल फुटला आणि कुणाचा ढोल आणून ती होळी पार पाडली, हे सांगणारी माणसं इथं उभी आहेत, आणि सांगायला तयार आहेत. अक्कलकुव्याच्या, मोलगीच्या कॉलेजात शिकणारी मुलं गिटार वाजवतात, फोनवर बारचा तुकडा ऐकतात. त्यांना इथल्या बोली येतात, देहवाली येते, नोईरी येते. हे काम त्यांच्याइतकं कुणालाही चांगलं जमणार नाही.

तर आता वही काढा. त्या म्हाताऱ्याला ‘आजा’ म्हणा, आणि पहिलं लाकूड विचारा. तो एका झाडाचं नाव घेईल आणि शेजारचा लगेच ‘चूक’ म्हणेल. दोघांचंही लिहून घ्या. दोघांची नावं, गावं, आणि ढोल कुणाकडून कुणाकडे आला तेही. जथा जवळ आला की ते तुम्हाला सोडून ढोल उचलतील. मग राहिलेलं विचारायला उद्या दुपारी त्यांच्या पाड्यावर जा.